सीटबेल्टचा अँकर बोल्ट सैल झालाय? नुसता आवळू नका, आधी बाहेर काढून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीची आतून सफाई करताना कार्पेट काढून पुन्हा बसवले. तेव्हापासून ड्रायव्हरशेजारच्या सीटचा पट्टा खाली दाराच्या उंबरठ्याजवळ जिथे बोल्टने बसवलेला असतो, तिथे तो हलतो. बोल्ट आवळला की दोन-चार दिवस घट्ट राहतो आणि पुन्हा सैल होतो. खाली एखादा वॉशर घालून आवळावा, की जरा जाड बोल्ट टाकावा? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

वॉशर नको आणि जाड बोल्टही नको. आधी तो बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि त्याचे आटे चांगल्या उजेडात बघा. सैल झालेला अँकर बोल्ट न काढता पुन्हा पुन्हा आवळत राहणे यासारखा वाईट उपाय नाही. आपल्याला दिसते ते फक्त बोल्टचे डोके. माणसाचा जीव ज्याच्या भरवशावर असतो तो नट पत्र्याच्या मागे वेल्ड केलेला असतो, आणि त्याची अवस्था बोल्ट बाहेर आल्याशिवाय कळत नाही. आटे अर्धे मेलेले असतील तर दर वेळी आवळताना उरलेलेही तुम्ही थोडे थोडे संपवत असता.

पण त्याआधी नेमके काय हलते आहे ते ठरवा, कारण इथे गोंधळ फार होतो. पट्ट्याच्या टोकाला लोखंडी अँकर प्लेट असते आणि तिच्यातून बोल्ट जातो. बऱ्याच गाड्यांत ही प्लेट बोल्टभोवती फिरावी अशीच रचना केलेली असते. सीट पुढे-मागे सरकते, बसणारी माणसे वेगवेगळ्या अंगाची असतात, आणि पट्टा प्रत्येक वेळी सरळ रेषेत ओढला गेला पाहिजे. त्यासाठी वापरतात तो बोल्ट साधा नसतो. डोक्याखाली आटे नसलेला एक जाड, गुळगुळीत भाग असतो, त्याला खांदा म्हणू. हा खांदा प्लेटच्या जाडीपेक्षा किंचित लांब असतो. बोल्ट पूर्ण आवळला की खांदा जाऊन गाडीच्या पत्र्यावर टेकतो, सगळा दाब खांदा आणि मागचा नट यांच्यामध्ये बसतो, आणि प्लेट मोकळी राहते. तिचा खडखडाट होऊ नये म्हणून सोबत लाटेसारखा वाकवलेला एक वॉशर असतो, त्याला लहरी वॉशर म्हणू. अशा जोडणीत प्लेट हाताने फिरते आणि बोल्ट जागचा हलत नाही, हीच बरोबर अवस्था आहे. प्लेट फिरते म्हणून घाबरून बोल्टावर जोर काढणारे लोक मी बरेच पाहिले आहेत, आणि धडधाकट नटाचे आटे त्यांनी त्याच पायी घालवले.

दुसऱ्या प्रकारात प्लेटला एक छोटी जीभ असते आणि ती पत्र्यातल्या भोकात किंवा खाचेत बसते. तिथे प्लेट फिरता कामा नये. जीभ खाचेत न बसता पत्र्यावर चढून राहिली, तर प्लेट तिरकी बसते. बोल्ट आवळताना घट्ट लागतो, पण पट्ट्याला चार हिसके बसले की जीभ सरकते आणि सगळी जोडणी सैल पडते.

तपासणी सोपी आहे. प्लास्टिकचे झाकण काढा. बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ मारा. मग प्लेट धरून वर-खाली, आत-बाहेर हलवा आणि नजर डोक्यावर ठेवा. फक्त प्लेट फिरत असेल आणि डोके स्थिर असेल, तर बहुधा काहीच बिघडलेले नाही. डोके प्लेटबरोबर कलत असेल तर बोल्ट सैल आहे किंवा नट गेला आहे. डोके आणि भोवतीचा पत्रा दोन्ही मिळून लचकत असतील, तर प्रश्न बोल्टचा नाहीच. पत्रा गंजला आहे किंवा त्याला चीर गेली आहे.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय कार्पेटवर आहे. काम करताना कार्पेटची कड किंवा प्लास्टिक ट्रिमचा काठ बोल्टच्या खांद्याखाली अडकला, की बोल्ट आवळताना हाताला घट्टच लागतो. पण तो दाब लोखंडावर नसतो, कापडावर असतो. कापड दबत जाते आणि बोल्ट ढिला होतो. दुसरी शक्यता म्हणजे खांदा प्लेटच्या भोकात शिरलाच नाही, भोकाच्या काठावर चढून बसला. तेव्हाही पहिल्या दिवशी घट्ट आणि आठवड्यात सैल हाच अनुभव येतो. तिसरी शक्यता आट्यांची, तिच्याकडे येतोच.

वॉशर का नको तेही सांगतो. डोक्याखाली किंवा प्लेटमागे 2 मिलिमीटरचा जादा वॉशर घातला, तर बोल्ट तेवढाच कमी आत जातो. या बोल्टच्या हिशेबात ते दीड आट्यापेक्षा जास्त होते. शिवाय खांदा पत्र्याला टेकत नाही आणि दाब भलतीकडेच जातो. मूळ जोडणीत जे वॉशर होते तेच, त्याच क्रमाने. त्यातला एखादा कागदी किंवा पातळ प्लास्टिकचा असतो. कारखान्यात सगळी जोडणी बोल्टवर एकत्र राहावी, सुटे भाग गळून पडू नयेत, एवढेच त्याचे काम. तो फाटला तर काळजी नाही. पण लहरी वॉशर आणि स्पेसर हरवले असतील तर नेमके तेच मागवा. क्रम आठवत नसेल तर दुसऱ्या बाजूच्या सीटचे झाकण उघडून बघा, उत्तर तिथेच असते.

एवढा काथ्याकूट कशासाठी, ते एका हिशेबात कळेल. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकली आणि आतला 75 किलोचा माणूस, गाडीचे पुढचे नाक चेपले जाण्याचे अंतर आणि पट्टा ताणला जाण्याचे अंतर मिळून, 60 सेंटिमीटरमध्ये थांबला असे धरा. त्याला सरासरी सुमारे 12,000 न्यूटन बलाने अडवावे लागते, म्हणजे जवळजवळ 1,200 किलो वजन टांगल्याइतका ओढा. सरासरीच एवढी, क्षणभराचा कमाल ओढा याहून मोठा असतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 14 प्रमाणे प्रवासी गाड्यांच्या अँकरची चाचणी घेताना कमरेच्या पट्ट्यावर 13,500 न्यूटन आणि खांद्याच्या पट्ट्यावर 13,500 न्यूटन असा ओढा एकाच वेळी देतात. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 210 या मानकात तोच आकडा प्रत्येकी 3,000 पौंड आहे. हा सगळा भार शेवटी तीन-चार बोल्ट आणि त्यांच्यामागच्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या नटांवर येतो.

आता काम. पुढच्या सीटला हात लावण्याआधी प्रीटेन्शनरचा विचार करा. धडकेच्या क्षणी पट्टा खेचून घेणारे हे यंत्र बारुदावर चालते. ते बहुतेक वेळा दारामागच्या खांबातल्या रिट्रॅक्टरमध्ये, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणाऱ्या यंत्रात, किंवा बकलच्या बुडाशी असते, पण काही गाड्यांत नेमके या खालच्या अँकरपाशीच असते. प्लेटऐवजी नळीसारखा भाग दिसला, त्यात पोलादी दोर शिरताना दिसला किंवा पिवळ्या कनेक्टरची वायर आली, तर तिथेच थांबा आणि ते काम प्रशिक्षित माणसाकडे द्या. तसे काही नसले तरी इग्निशन बंद करून बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवा आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबा. तो दिलेला नसेल तर मी तीन मिनिटांपेक्षा कमी कधी थांबत नाही. एअरबॅगच्या वायरींना मल्टिमीटर लावून बघण्याचा मोह अजिबात नको. कनेक्टर सुटा असताना इग्निशनही चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

बोल्टचे डोके गाडीनुसार बदलते. कुठे 14 किंवा 17 मिलिमीटरचे षटकोनी, कुठे टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे, आणि त्यातही टी50 हे माप बऱ्याचदा भेटते. टॉर्क्स असेल तर खाचेतली धूळ आणि रंग आधी टोकदार सुईने कोरून काढा, बिट हलक्या हातोडीने पूर्ण आत बसवा आणि मगच जोर द्या. हा बोल्ट सोडवायला जड जातो, कारण कारखान्यातच त्याच्या आट्यांवर लॉकिंगचे रसायन लावलेले असते. सुरुवातीला एक कडक झटका आणि मग सारख्या जोराने फिरणे, हे नीट चालल्याचे लक्षण. मध्येच पुन्हा जड झाला, करकरला किंवा न निघता नुसताच फिरत राहिला, तर थांबा. इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देत फिरवणारा यांत्रिक पाना, या कामात काढतानाही नको आणि बसवताना तर मुळीच नको. गंज सोडवणारे तेल मारायचे झाले तर पट्टा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला करा. पट्ट्याच्या विणीत तेल किंवा क्लीनर मुरू द्यायचे नाही.

बोल्ट हातात आला की खरी माहिती मिळते. कपड्याने पुसून आट्यांवरून नख फिरवा. धारा सारख्या आणि टोकदार असतील तर उत्तम. आट्यांच्या खोबणीत चकचकीत तारेसारखे धातूचे बारीक वळसे अडकलेले दिसले, तर ते नटाचे आटे आहेत, सोलून बाहेर आलेले. पहिले दोन-तीन आटे एका बाजूने चेपलेले असतील, तर बोल्ट आडवा चढवला गेला होता. आणि सपाट काचेवर लोळवल्यावर बोल्ट डुगडुगत असेल तर तो वाकला आहे. तो सरळ टाकून द्या.

आता मापाची गोष्ट, कारण सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते. सीटबेल्टचे अँकर बोल्ट जगभरातल्या बहुसंख्य गाड्यांत मेट्रिक नसतात. बाकी सगळी गाडी मेट्रिक असली तरी हे आटे 7/16 इंच, 20 यूएनएफ, म्हणजे इंच मापाचे बारीक आटे असतात. वर सांगितलेल्या नियम 14 मध्येही अँकरच्या भोकासाठी हेच माप दिले आहे. व्यास सुमारे 11.1 मिलिमीटर, आणि एका इंचात 20 आटे, म्हणजे दोन आट्यांमध्ये 1.27 मिलिमीटर अंतर. आता एम10 चा, म्हणजे 10 मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक, बारीक आट्याचा बोल्ट घ्या. त्याचे अंतर 1.25 मिलिमीटर. दहा आटे मोजले तर एकाची लांबी 12.7 आणि दुसऱ्याची 12.5 मिलिमीटर, डोळ्यांना फरक कळणे शक्य नाही. हा एम10 बोल्ट 7/16 च्या नटात सहज शिरतो, खरे तर फारच सहज. नटाच्या आतल्या आट्यांची टोके 9.7 ते 9.9 मिलिमीटरवर असतात आणि बोल्ट 10 चा, म्हणजे पकड केसभर. हलक्या हाताने आवळला तर घट्ट वाटतोही. एका गाडीत मागच्या सीटचे दोन्ही खालचे बोल्ट असे भरलेले मला सापडले. पाना लावायची गरजच पडली नाही, प्लेट धरून जोरात ओढल्यावर बोल्ट आट्यांसकट सरकत बाहेर आला. त्या सीटवर रोज मुले बसत होती. उलट एम12 चा, 1.25 अंतराचा बोल्ट हाताने शिरत नाही, पण गनने मारला तर नटाचे आटे कापत आत जातो आणि नट कायमचा निकामी करतो. तुमचा जाड बोल्टचा विचार नेमका हाच आहे.

म्हणून व्हर्नियरने व्यास मोजा. 11 च्या आसपास आला तर 7/16, 10 च्या आत आला तर एम10. काही उत्पादक एम10 किंवा एम12 वापरतातही, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका, दुसऱ्या बाजूचा मूळ बोल्ट काढून शेजारी धरा. नवा घ्यायचा तर त्याच गाडीच्या पार्ट नंबरचा घ्या. नुसते आटे जुळून भागत नाही. खांद्याची उंची, एकूण लांबी आणि पोलादाची प्रत, सगळेच जुळावे लागते. हार्डवेअरचा साधा बोल्ट या जागी बसवायचा नाही, मग तो कितीही मजबूत दिसो.

बोल्ट चांगला असेल तर नटात टॉर्चने बघा. रंग, जुने लॉकिंग किंवा अंडरकोटिंगचा चिकटा असेल तर योग्य मापाच्या थ्रेड चेझरने, म्हणजे आटे न कापता साफ करणाऱ्या हत्याराने, ते साफ करून घ्या. कापणारा टॅप हे काम करताना धातूही खातो, म्हणून चेझर. मग प्लेट न लावता नुसता बोल्ट बोटांनी बसवून बघा. आधी उलटा फिरवा, टक्‌ असा हलका आवाज येऊन तो किंचित खाली बसतो, तिथून सुलटा फिरवा. नट साफ असेल तर बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीच जायला हवा. पूर्ण आत गेल्यावर डोके धरून डुलवा. चांगल्या आट्यांत चाल जवळजवळ जाणवत नाही. ही चाचणी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, कारण नटाची खरी तब्येत बोटांना कळते, पान्याला कळत नाही.

ही चाचणी पार पडली तर जोडणी करा. आट्यांवर मध्यम ताकदीच्या, म्हणजे निळ्या थ्रेडलॉकरचे दोन थेंब द्या. जास्त नको, ओघळून प्लास्टिक ट्रिमवर गेले तर काही प्लास्टिकना चिरा पडतात. नव्या बोल्टवर कारखान्याचा रंगीत लेप असेल तर वरून काही लावू नका. ग्रीस किंवा तेल तर लावायचेच नाही, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा तोच जोर, बोल्टला बराच जास्त ताणतो. पट्ट्याला पीळ नाही ना ते दाराच्या वरच्या टोकापर्यंत बघा. कार्पेट आणि ट्रिम बाजूला आहेत, जीभ खाचेत आहे, खांदा प्लेटच्या भोकातून आरपार आला आहे, हे डोळ्यांनी पाहून मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या टॉर्कला क्लिक करणारा पाना, घ्या.

किती टॉर्क? तुमच्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिला असेल तोच. अनेक गाड्यांत तो 30 ते 50 न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो. एकके मात्र नीट वाचा. 40 न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम 30 फूट-पौंड. न्यूटन-मीटरचा आकडा फूट-पौंडाच्या रेंचवर लावला तर बोल्ट सव्वापटीहून जास्त आवळला जातो. क्लिक झाल्यावर पुन्हा एकदा खात्रीसाठी ओढायची सवय असेल तर इथे ती सोडा. शेवटी डोके आणि पत्रा जोडणारी रंगाची नवी रेघ मारा, आणि थ्रेडलॉकरला पूर्ण ताकद यायला साधारण 24 तास द्या.

आता वाईट शक्यता. नटाचे आटे सोलले गेले असतील, किंवा नट वेल्डपासून सुटून आत गरगर फिरत असेल, तर ते काम घरी करायचे नाही. बॉडीचे काम करणाऱ्या जाणकाराकडून मागून नट बदलून घ्यावा लागतो किंवा तेवढा मजबुतीचा तुकडा नवीन लावावा लागतो. काय मान्य करायचे नाही ते तुम्हाला ठाऊक असू द्या. रिव्हेट नट नको, तो पातळ पत्र्याला चेपून धरतो आणि असा ओढा त्याला झेपत नाही. शेजारी नवे भोक पाडणे नको, कारण अँकरची जागा ठरवताना कमरेचा पट्टा पोटावर न चढता ओटीपोटाच्या हाडांवर राहील असा कोन साधलेला असतो. बोल्टचे डोके थेट पत्र्याला वेल्ड करणे तर मुळीच नको, कडक केलेल्या बोल्टचे गुणधर्मच त्या उष्णतेने बदलतात. आट्यांत तारेचा इन्सर्ट बसवणे जाड लोखंडात उत्तम चालते, पण इथे नटाच्या भिंतीच पातळ असतात आणि इन्सर्टसाठी भोक मोठे करताना त्या आणखी पातळ होतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच तो मार्ग. मधल्या खांबाचे पोलाद बऱ्याच नव्या गाड्यांत अतिमजबूत प्रकारचे असते आणि वेल्डिंगने ते जागोजागी मऊ पडते, त्यामुळे तिथले वेल्डिंग पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच झाले पाहिजे.

उंबरठ्याजवळ पाणी साचून गंजही येतो. कार्पेट उचलून बोल्टभोवतीच्या पत्र्यावर बोथट पेचकस जोरात दाबा. रंगाचा फुगा फुटून आत भुसभुशीत लागले किंवा पेचकस आरपार गेला, तर नवा बोल्टही काही कामाचा नाही. गंजका भाग कापून मूळ जाडीचा पत्रा लागायला हवा. वरून फायबर आणि पुटी भरून रंग मारलेला असेल तर तो खरवडून काढायला लावा.

गाडीला यापूर्वी मोठी धडक बसली असेल आणि त्या वेळी या सीटवर पट्टा लावून कोणी बसले असेल, तर नुसत्या बोल्टवर थांबू नका. पट्टा, प्लेट आणि बोल्ट असा सगळा संच बदला. बकलजवळ पट्ट्याचे कापड चमकदार किंवा वितळल्यासारखे दिसत असेल, वीण लाटांसारखी झाली असेल किंवा प्लेटचे भोक लांबोळे झाले असेल, तर त्या पट्ट्याने एकदा आपले काम केलेले आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवा, पण त्या सीटवर कोणी बसणार नाही, थोड्या अंतरासाठीसुद्धा नाही. मुलाचे आसन त्या पट्ट्याने बांधत असाल तर ते आजच दुसऱ्या सीटवर हलवा. सीटवर एक जाड चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घरातले दुसरे कोणी गाडी घेऊन गेले तरी कळेल. काम झाल्यावर महिन्याभराने झाकण उघडून रंगाची रेघ जुळते का ते बघा. रेघ सरकलेली दिसली तर पुन्हा आवळू नका, बोल्ट बाहेर काढा आणि पहिल्यापासून तपासा.